सरळ कापलेल्या पट्ट्या

गोदामाच्या माडीवर एक खोली, खोलीला दोन खिडक्या, आणि खिडक्यांखाली चौदा मुलं. खाली पोती उतरायची, वर धडे चढायचे. काम मिळेल तिथे आईबाप बिऱ्हाड हलवत आलेले, त्यामुळे यातलं एकही मूल कुठल्या शाळेत वर्षभर टिकलं नव्हतं. मोठ्या शाळेनं त्यांच्यासाठी हा वर्ग काढला होता आणि अटही घातली होती. दोन वर्षांनी तपासणीस येतील. चौदांतल्या दहांनी इंग्रजी वाक्यं जुळवून दाखवली तर सगळी पाचवीत, नाहीतर वर्ग बंद.

वर्ग बंद म्हणजे काय, ते भिंगरीच्या आईनं वर्गाच्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. भिंगरी हे वर्गानं ठेवलेलं नाव. पोरगी एका जागी ठरायचीच नाही. आई धुलाईच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालायची. पास झाली तर शिकू दे बापडी, म्हणाली, नाहीतर सोमवारपासून माझ्यासोबत नेते. रागानं नव्हे; पाणी भरून ठेवा म्हणावं, तितक्या साधेपणानं म्हणाली.

बाईंनी जिवाचं रान केलं. सब्जेक्ट आणि प्रेडिकेट हे शब्द फळ्यावर लिहिले की मुलं खिडकीबाहेर बघत. मग त्यांनी गाणं रचलं:

कुणाची गं गोष्ट, त्याला आधी हाक,
काय त्यानं केलं, मागोमाग टाक.

मुलं ते गात गात जिना चढायची. पोती उचलणारे हमालही गुणगुणायला लागले.

मग आल्या पट्ट्या. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर बाई एक वाक्य लिहीत आणि बरोबर जागी कातरीनं तिचे दोन तुकडे करत. 'द ओल्ड डॉग' एकीकडे, 'स्लीप्स अंडर द कार्ट' दुसरीकडे. घरची कातर बोथट, पुठ्ठा कापायची कमी, चावायचीच जास्त. अशी चाळीस वाक्यं झाली. तुकडे चटईवर पसरायचे, मुलांनी जोड्या लावायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या. पहिले काही महिने रडत गेले. आणि मग एके दिवशी कुलूप उघडावं तसं झालं. भिंगरी तर इतकी झरझर जुळवायची की बाईंना हसू यायचं. जुळवताना ती तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवायची. वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. बाईंना वाटायचं, पोरीला अक्षरांची माया लागली.

तपासणीच्या आदल्या दिवशी बाईंचे यजमान पट्ट्यांचा डबा दुकानात घेऊन गेले. ते बाइंडर. दोन वर्षं बायकोचा जीव या डब्यात अडकलेला त्यांनी पाहिला होता. संध्याकाळी डबा परत आणला तेव्हा प्रत्येक तुकडा कटिंग मशीनखालून गेलेला होता. चारही बाजू सुरीसारख्या सरळ, कोपरे काटकोनात. "साहेबांपुढे फाटकं-तुटकं कशाला?" एवढंच म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि असं देणं त्यांना कुणी दिलं नव्हतं.

तपासणीस वयस्क, मवाळ. गाणं झालं तेव्हा त्यांनी गुडघ्यावर बोटानं ठेकासुद्धा धरला. मग चटईवर पट्ट्या पसरल्या. पहिला मान भिंगरीचा.

तिनं 'द ओल्ड डॉग' उचललं. ते तिचं लाडकं, मधोमध सांडलेल्या शाईच्या डागावरून ओळखीचं. जोडीचा तुकडा शोधायला दुसरा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. तिसरा उचलला, ठेवला. चौथा. अंगठा सरळ कडेवरून नुसता घसरत होता. अक्षरांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. तिनं बाईंकडे पाहिलं.

तेव्हा बाईंना कळलं. बोथट कातरीनं प्रत्येक जोडीला आपापले दात दिले होते. या कडेच्या दातांचा त्याच कडेच्या खाचांशी मेळ. मुलं दोन वर्षं दात जुळवत होती.

शेवटी भिंगरीनं हाताला लागला तो तुकडा जोडला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "द ओल्ड डॉग स्लीप्स अंडर द कार्ट."

चटईवर होतं, 'द ओल्ड डॉग सेल्स बटन्स'.

तपासणिसांनी शेवटच्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि हा शब्द कोणता, असं विचारलं. कार्ट, ती म्हणाली. हसतच म्हणाली.

एकेक करून चौदाही झाली. दोघांची वाक्यं जुळली. त्यातलं एक नशिबानं. वह्या तपासल्या तर त्या फळ्यावरून उतरवलेल्या, मोत्यासारख्या अक्षरांच्या. निघताना तपासणीस हळू आवाजात म्हणाले, "बाई, पाठांतर फार छान घेतलंय तुम्ही." बाईंना वाटलं, यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

मुलं जिना उतरून गेली. भिंगरी तेवढी मागे रेंगाळली.

"बाई, आपल्या पट्ट्या कुठे गेल्या?"

"याच आहेत गं."

"नाही. आपल्यांना दात होते. कुत्र्याचा तर एक पडलेला."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो उचलायचं भान त्यांना बराच वेळ राहिलं नाही. मग मुलगी स्वतःच हाताखालून निसटली.

घरी यजमान दारातच उभे होते. बोटांना खळ तशीच लागलेली. पट्ट्या साहेबांच्या नजरेत भरल्या का, विचारत होते. भरल्या, बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, सांगावं. पण सांगायचं कुणाला आणि दोष द्यायचा कशाला? त्या माणसानं फक्त सरळ कापलं होतं. वाकडं जे होतं ते बाईंच्या हातचं, आणि तेवढ्याच वाकड्यावर सगळं उभं होतं. यजमान खूश झाले. नवीन पट्ट्या केल्या की तशाच करून देईन, म्हणाले.

पंधरवड्यानं वर्गाची किल्ली परत करायला बाई निघाल्या. वाट धुलाईच्या कारखान्यावरून जात होती. उघड्या दरवाजातून वाफ रस्त्यावर येत होती. आत भिंगरी आणि तिची आई चादरीची दोन टोकं धरून समोरासमोर उभ्या होत्या. लेक दोन पावलं पुढे गेली, काठाला काठ लावला, अंगठा सरकवत कोपऱ्यापर्यंत नेला, मागे आली. घडी अशी, की रेषा हलायची नाही. मुकादमीण दारातच उभी होती. बाईंना ओळखून कौतुकानं म्हणाली, चार दिवसांत शिकली, हात फार हुशार आहे पोरीचा.

भिंगरीनं बाईंना पाहिलं. चादर न सोडता म्हणाली, "बाई, इथे काठ सरळ असले तरी जुळतात."

बाईंना हो म्हणायचं होतं. आईनं पलीकडून चादर ताणली, आणि मुलगी दोन पावलं पुढे गेली.