लाखन काय म्हणाला

आल्हादने एका बशीवर दुसरी बशी उपडी घातली, मधे हातरुमालाची घडी सरकवली आणि ते सगळं सुगनबाईंसमोर ठेवलं.

"ये देखो बुआ. ये जहाज की दीवार. बीच में हमने नया अस्तर डाला है."

सुगनबाईंनी कौतुकाने रुमाल चाचपला. आगरजवळच्या खेड्यातून त्या दरवर्षी मुलाच्या तिथीला उज्जैनला येत, सिद्धवटावर दूध वाहत आणि मग शहरातल्याच नानाखेडा भागात या घरी चहाला येत. त्यांचा लाखन सीमेवर जखमी झाला होता. मालवाहू लष्करी विमानातून दवाखान्यात नेताना तो वाटेतच गेला. त्या विमानात वैद्यकीय मदतनीस म्हणून त्याच्या स्ट्रेचरपाशी होते ते आल्हादचे वडील, गोपाळकृष्ण.

आल्हाद आता तसल्याच विमानांचं डिझाइन सुधारायच्या कामावर होता. शिक्षण आणि नोकरीपायी तिथीच्या दिवशी तो कधी घरी नसे. यंदा होता, आणि कामाचा विषय निघाला की त्याची गाडी थांबत नसे.

"इससे क्या होगा बेटा?"

"शोर कम होगा. पुराने जहाज में तो..."

"आल्हाद, चाय आण जा आतून," गोपाळकृष्ण म्हणाले. "जीजींची बस निघून जाईल देवास गेटहून."

"टाइम आहे बाबा, मी सोडून देतो ना त्यांना." तो पुन्हा सुगनबाईंकडे वळला. "इतना शोर, कि कान से मुँह लगाकर चिल्लाओ तो भी कुछ समझ में नहीं आता था. अब घायल आदमी धीरे से भी बोले, तो बगलवाले को सुनाई देगा."

पोराला काय माहीत? दर तिथीला चहा संपला की सुगनबाई एकच विचारत, लाखन काय म्हणाला होता? आणि गोपाळकृष्ण सांगत, माँ को कहना, दर्द नहीं है. पहिल्या वर्षी तिचा चेहरा बघवला नाही म्हणून ते तोंडातून निघून गेलं. पुढे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. ही बाई त्या एका वाक्यावर दिवस काढते आहे, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटे.

आल्हादने चहा आणला. सुगनबाईंनी कपाला हात लावला नाही.

"भैया," त्या म्हणाल्या, "तो फिर लाखन ने..."

मी अगदी जवळ होतो, मला ऐकू आलं, असं अजूनही सांगता आलं असतं. जीभ रेटली नाही.

"सुनाई नहीं दिया, जीजी. कुछ भी नहीं. मैंने अपने मन से बोला था."



सुगनबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर डोक्यावर ओढला. मग त्यांनी आवाज न काढता ओठ हलवले. माँ.

"ऐसे? ऐसे हिले थे उसके होंठ?"

लाखनचे ओठ ऑक्सिजनच्या मास्कखाली झाकलेले होते. विमान उतरेपर्यंत तो कोणी काढला नव्हता.

"हाँ जीजी," गोपाळकृष्ण म्हणाले. "ऐसे ही. दो बार."