झोपेची राखण

“पी म्हनलं की प्यायाचं, पैलवान! गड्ड्याची यात्रा तोंडावर आलीया,” असं म्हणत बजाबाईने दुधाचा तांब्या भीमाच्या तोंडाला लावला आणि भीमाने तांब्या तोंडाला असतानाच डोळे मिटले.

दूध मिशांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून बंडीवर ओघळलं. ओट्यावर जमलेली बायामाणसं खो खो हसली. हसली नाही ती एकटी सोजरबाई. तिने काठी टेकली आणि पोराच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

भवानी पेठेतल्या त्या गल्लीत सोजरबाईचं काम एकच, लोकांना उठवायचं. पहाटे भोंग्याच्या आधी दारोदार काठी आपटून ती दिवसपाळीवाल्यांना उठवायची आणि दिवस कलला की रातपाळीवाल्यांना. भोंग्यानंतर जाग आली तर गिरणीचं फाटक बंद झालेलं असायचं. म्हणून त्या एकट्या विधवेला घरोघरची भाकरी मिळायची आणि तिच्या शिव्याही लोक गोड मानून घ्यायचे. कोण पहिल्या ठोक्याला उठतो आणि कोण आईबाप उद्धारल्यावर, हे तिला पाठ होतं. तिची स्वतःची झोप मात्र कोंबडीची. एक डोळा मिटला तर दुसरा उघडा.

भीमा जेऊरहून आलेला, विशीतला गडी. रातपाळी करायचा आणि हिंदुराव वस्तादांच्या तालमीत घुमायचा. औंदा गड्ड्याच्या यात्रेत अक्कलकोटच्या चन्नप्पाशी त्याची कुस्ती ठरली होती आणि गल्लीला दुसरा विषय उरला नव्हता. पैलवानाचा खुराक घराघराने पाळीने वाटून घेतला होता. एका घरी तूपगूळ, दुसऱ्या घरी शिरा, तिसऱ्या घरी दूध. पोरगं पेंगायला लागलं की लोकांना वाटायचं, अंगात ताकद कमी पडतेय. मग आणखी शिरा! आणि दिवसा तरणाताठा गडी आडवा झालेला दिसला, की येणारा-जाणारा त्याला हलवून उठवायचा. “दिवसा झोपतोस व्हय रं दळभद्र्या?” त्यातून कोणी सोडलाच, तर भिंतीपलीकडे सुंदरम्माचा माग खटक-खट, खटक-खट सुरू असायचा.

गेल्या दोन महिन्यांत भीमाला पोट सुटलं होतं. तालमीत काडीपैलवानही त्याला लोळवू लागले होते. सांजेला सोजरबाई त्याच्या दाराशी जायची, तर हा आधीच जागा, माठाला लागलेला. घटाघटा पाणी प्यायचा आणि पुन्हा परसात पळायचा. काल तर तो परसात लघवीला बसायचा त्या दगडाला मुंग्यांची रांग लागलेली तिने पाहिली होती.

“ऊठ,” तिने भीमाचं मनगट धरलं. “शास्त्रीबुवांकडं चल.”

“पन मावशी, शिरा?”

“शिरा मुंग्यांना घाल. त्या वाट बघत्यात.”

गंगाधरशास्त्री वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबलं. मुंग्यांचं ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या.

“मधुमेहाची चाहूल आहे, पण वय कोवळं आहे, अजून हातात आहे,” ते म्हणाले. “गोड बंद. आणि झोपतोस केव्हा?”

“येळ घावंल तवा,” भीमा म्हणाला.

“दिवसाची झोप शास्त्राला मंजूर नाही. पण जो रात्र जागला, त्याला सकाळी झोपायची मुभा आहे. तीही कशी, तर उपाशीपोटी. आधी झोप, मग जेवण. तुम्ही लोक नेमकं उलटं करता. त्याला खाऊ घालता आणि झोपू देत नाही! कुस्तीचं नंतर बघू. हे असंच चाललं तर पंचविशीत हा काठी टेकत चालेल.”

“मग पुडी द्या की झोपंची,” सोजरबाई म्हणाली.

“बाकी पुड्या देतो. झोपेची पुडी मला बांधता येत नाही, बाई.”

सोजरबाई तरातरा परत आली. गिरणीच्या मुकादमाकडे भीमासाठी दिवसपाळी मागून पाहिली, त्याने उडवून लावलं. मग तिने गल्लीच्या मधोमध उभं राहून काठी आपटली आणि कायदा पुकारला. भीमा गिरणीतून आला की कोणी त्याला बोलवायचं नाही, खायला घालायचं नाही, ऊन डोक्यावर येईतो गल्लीत आवाज करायचा नाही.

हिंदुराव वस्ताद फेटा सावरत धावून आले. “खुराक तोडला तर पैलवान वाळंल की! कुस्ती काय तुमी खेळनार?”

“त्यो पैलवान हाय का गनपतीचा उंदीर, लाडू चारायला? बैल बी वैरन खाऊन इसावतो, वस्ताद. ह्याला तुमी नुसतं चारताय.”

सुंदरम्मा मात्र रडकुंडीला आली. “सकाळी माग बंद ठेवला तर लुगडं कवा उतरंल, अक्का? माझी तर चूल त्यावर.”

ही अडचण खरी होती. सोजरबाईने काठी बगलेत मारली. मग म्हणाली, “उन्हं चढल्यावर लाव माग. सुताच्या कांड्या मी भरून दीन, तुजा येळ वाचंल.” दुपारी पाठ टेकायची तेवढी एक वेळ तिला होती. ती तिने देऊन टाकली.

आणि मग त्या गल्लीत जी गंमत सुरू झाली, ती विचारू नका! आयुष्यभर लोकांना उठवणारी बाई काठी घेऊन एका पोराच्या झोपेची राखण करत उंबऱ्यात बसली. कल्हईवाल्याला तिने पेठेच्या टोकापर्यंत हाकललं. कुंभाराच्या गाढवाने सूर लावताच चार जणींनी त्याच्या तोंडात गवत कोंबलं. धुणं दुसऱ्या गल्लीत जाऊ लागलं, तिथल्या बायकांशी भांडणं झाली, तीही कुजबुजत. लहान पोरं चवड्यांवर चालू लागली. बजाबाईने एकदा पदराखालून शिऱ्याची वाटी आणली आणि काठीचा प्रसाद घेऊन गेली.

पहिले काही दिवस भीमा नुसताच आढ्याकडे पाहत पडायचा. मग एके सकाळी तो घोरायला लागला. सोजरबाईने भिंतीला कान लावला आणि तिचे डोळे भरून आले. उठल्यावर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक, की चालला तालमीत. हळूहळू तहान आटली, पोट उतरलं, परसातल्या मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलं. भीमाने एका दमात तिघांना लोळवलं तेव्हा वस्ताद मिशीला पीळ देत म्हणाले, “शेवटी आमचं शिक्षान!”

कुस्तीच्या दिवशी गल्ली उतू चालली होती. हलग्या तापवून तयार, पोरांच्या अंगात वारं संचारलेलं. सोजरबाईनेही पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसलं. पण भीमा उठेना! ती हाका मारून थकली, शेवटी दारावर काठी आपटली तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. गाढ झोपलेल्या पोराला उठवण्यात असा आनंद असतो, हे इतक्या वर्षांत तिला माहीत नव्हतं.

“मावशी, मागनं या. म्होरच्या रांगंत जागा धरतो,” म्हणत भीमा पाया पडला आणि सगळी गल्ली त्याच्यामागे लोटली.

“आलेच,” म्हणून ती वहाणा घालायला उंबऱ्यात टेकली. माग बंद. पोरं नाहीत. कुत्रंसुद्धा यात्रेला गेलेलं. इतकी शांतता त्या गल्लीने कधी ऐकली नव्हती आणि सोजरबाईनेही. एक वहाण पायात, एक हातात, तशीच ती कलंडली.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. कुस्ती हुकली, हे तिला आधी कळलं. मग त्याहून वाईट ते कळलं. हलगी वाजत नव्हती. जिंकला असता तर पेठ दणाणली असती. म्हणजे पोरगं पडलं.

मग डोक्याखाली काहीतरी मऊ लागलं. तिने चाचपलं. जरीकाठी फेटा होता, कोरा, गुलालाने माखलेला.

ती ताडकन उठून बसली. समोरच्या ओट्यांवर अख्खी गल्ली दाटीवाटीने बसली होती, लाल तोंडांनी, चपला हातात घेऊन, गप्प. हलगीवाल्याने हलगी पोटाशी धरली होती. सुंदरम्माचा तळवा लेकराच्या तोंडावर होता आणि बजाबाईचा वस्तादांच्या.

“मेल्यांनो, मला उठवायचं न्हाय व्हय?”

“कोन उठवनार, मावशी?” भीमा म्हणाला. “उठवायचं काम तुमचं. आमाला कुटं येतंय ते?”

मग हलगी कडाडली आणि एकच गिल्ला झाला. वस्ताद म्हणाले ढाक मारली, बजाबाई म्हणाली पायच ओढला, पोरं म्हणाली उचलून फेकला. सोजरबाई एकेकाकडे वळून ऐकत राहिली, पण डोळ्यांपुढे काही येईना. डाव तिने पाहिला नव्हता तो नव्हताच.

फेटा भीमा परत घेईना. तिने तो गुलालासकट घडी करून उशाला ठेवला. यात्रेची सुट्टी सरली होती, त्या सांजेपासून रातपाळी पुन्हा सुरू व्हायची होती. सोजरबाईने दुसरी वहाण घातली, काठी उचलली आणि निघाली. उठवायला त्या दिवशी कोणी झोपलेलंच नव्हतं. तरी ती दारोदार गेली, प्रत्येक दारावर काठी आपटली आणि एकच विचारत राहिली,

“सांग की रं, कसा पाडला?”