चार पानांची एक ओळ

"खरा विद्वान प्रसिद्धीकडे पाठ फिरवतो," असं निवृत्त प्राध्यापकांनी बायकोला ऐकवलं आणि विद्यापीठाच्या वार्तापत्राचं पाकीट दातांनीच फाडलं. माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या खुशालीच्या पानासाठी त्यांनी चार पानं मजकूर धाडला होता. त्यात सन्मान, समित्या, परदेशातली व्याख्यानं, शिवाय लेकीची बढती. छापून आली होती एकच ओळ: 'सर हल्ली घरकामात मदत करतात.'

सरांचा पारा चढला. संपादिका त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. त्यांनी तिला तडक फोन लावला.

"अगं, चाळीस वर्षांच्या तपश्चर्येवर पाणी फिरवलंस!"

"सर, बाकीचं सगळं मागच्या सहा अंकांत येऊन गेलंय. तुमच्या मजकुरात नवीन बातमी एवढीच होती. आणि शब्दमर्यादा ओलांडली की गुण कापायचे, हे तुमचंच ना?"

सरांनी फोन ठेवला. तोवर बायकोनं चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली होती.

"बातमी नवीन आहे खरी," ती म्हणाली. "मलासुद्धा आजच कळली."

"मग खुलासा छापायला सांगू?"

"छे हो, चारचौघांत तुम्ही खोटे पडायला नकोत. तेवढे मटार सोला."