कापलेली माया

गल्लीत कुणाला मधुमेह होऊ नये म्हणून माझ्या दादानं सकाळी चालायला जाणाऱ्यांचं मंडळ काढलं, आणि मी शिंपीण, म्हणून कंबरा मोजायचं काम माझ्या गळ्यात घातलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अठ्ठावीस जण दुकानात पोटं आत ओढून उभे राहत. मी दरडावायचे, "श्वास सोडा! टेपशी लबाडी चालायची नाही."

एक नियम माझा होता. कंबर उतरली की मी पँट आत घ्यायची आणि शिवणीतलं जास्तीचं कापड, म्हणजे माया, सगळ्यांसमोर कापून टाकायची. पुन्हा सैल करायची सोयच नको! कात्री चालली की टाळ्या पडत.

सगळ्यात जास्त टाळ्या दादाला. चार महिन्यांत अडतीसवरून बत्तीस! पाण्याची बाटली त्याच्या हातातून सुटत नसे, चालता चालता कुणाच्याही घरी लघवीला पळे. "भरपूर पाणी प्या रे," म्हणायचा. बघून सगळ्यांनी बाटल्या घेतल्या. त्याचे गाल बसले, तर मी म्हणाले, "तरुण दिसायला लागलास."

त्या रविवारी नर्सबाई साखर तपासायचं यंत्र घेऊन दुकानात आल्या. दादानं एकेकाला हाताला धरून आणलं. लपून बसलेल्या पोस्टमनकाकांनाही सोडलं नाही. सत्तावीस जणांचं झालं.

"आता तुम्ही," नर्सबाई म्हणाल्या.

"माझं काय बघायचंय? पट्टी वाया जाईल."

"बस गपचूप," मी म्हणाले. आकडा कसा असावा, ते मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

पाचशे चाळीस.

नर्सबाईंनी त्याला साबणानं हात धुवायला लावले, दुसरं बोट टोचलं. पाचशे सेहेचाळीस.

"तहान फार लागते का?" त्यांनी विचारलं. दादानं हातातल्या बाटलीकडे पाहिलं. "हे वजन नुसत्या चालण्यानं उतरलेलं नाही. साखर इतकी वाढली की शरीर स्वतःलाच खायला लागतं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

दादाला सलाईन लावलं. बाहेरच्या बाकावर वहिनी माझ्याकडे वळल्या. "वन्सं, चार वेळा पँट तुम्ही आत घेतलीत. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"अभिमान वाटला," मी म्हणाले. दुसरं खरं उत्तर नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला; इन्सुलिननं वजन थोडं परत येईल, आणि ते यायलाच हवं. दादा क्षीण हसला. "मग पँट सैल करून ठेव."

सैल कशातून करू? कापड उरलंच नव्हतं. सगळं मीच कापलं होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दुकानात येऊन नवं कापड बेतलं, शिवणीत चांगली माया सोडली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळ आलं, पोटं आत ओढून उभं राहिलं. मी टेप गळ्यातच ठेवली आणि पहिल्या माणसाला विचारलं, "तहान किती लागते तुम्हाला?"