गुणवंतांच्या यादीसाठी पुसलेला नंबर

तुमच्यापैकी कुणीतरी तो नंबर पुसला. वाऱ्याने तो गेला नाही, लहान पोरांच्या खेळातही गेला नाही. ओलं फडकं आणलं होतं, आणि पुसणाऱ्याने आधी इकडेतिकडे बघून घेतलं होतं. मी त्याचं नाव सांगणार नाही. कारण पुसताना बघणारेही होते, आणि त्यांना बरं वाटलं होतं.

मी फळा बोलतोय. लालबागच्या एका चाळीच्या दाराशी, जिन्याला लागून टांगलेला मंडळाचा वार्ताफलक. चिंचपोकळी स्टेशन गाठायच्या घाईत असलेली माणसंही माझ्यापुढे क्षणभर थबकतात. आज काय नवीन, कोण गेलं, पाणी किती वाजता.

माझा जन्म चिंचपोकळीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. दुकानाच्या पाटीसाठी आणलेलं प्लायवूड उरलं होतं. मंडळाच्या पोरांनी ते मागून आणलं, काळा रंग दिला, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या. तेव्हापासून माझ्यावर लिहायचा मान नानांचा. नाना पहिल्या मजल्यावर राहतात, जन्मभर पाट्या रंगवल्या त्यांनी. खडूचं टोक पाण्यात भिजवून लिहितात, म्हणजे वाळल्यावर अक्षर ठसठशीत उठतं आणि बाही घासली तरी जात नाही.

माझ्यावर काय काय लिहिलं गेलं! टाकी साफ करण्याची सूचना, सत्यनारायणाची पूजा, हरवलेली चावी, दहावी-बारावीचे गुणवंत. आणि निधनवार्ता. निधनवार्ता वाचायची तुमची एक रीत आहे. आधी वय बघता. सत्तरीच्या वरचं असलं की मान हलते, पाय पुढे निघतात. वय कमी असलं की तुम्ही एकमेकांकडे बघता आणि आवाज खाली आणता.

मागच्या वर्षी तुमचे आवाज असेच खाली आले. दुसऱ्या मजल्यावरचा स्वप्नील गेला. सकाळी कामावर जाताना तो मला रोज वाचायचा, सुविचाराखाली बोटाने एक हसरा चेहरा काढायचा. नाना पुसता पुसता शिव्या घालायचे. तो कसा गेला हे साऱ्या चाळीला ठाऊक होतं. तरी मंडळाचे सेक्रेटरी रघुवीर यांनी नानांना मजकूर सांगितला आणि नानांनी लिहिला, ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’.

माझ्या अंगावर खोटं लिहिलं जाण्याची ती पहिली वेळ नव्हती. पण त्या दिवशी स्वप्नीलची धाकटी बहीण श्रेया माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“कुठला आजार, नाना?”

नाना खडू डबीत ठेवत राहिले. “गो बाय, माका सांगल्यानी तसा लिवलंय.”

“आजार होताच त्याला. पण अल्पसा नव्हता. वर्षभर झोपला नव्हता तो. आणि आम्हाला वाटायचं, आळशी झालाय.”

नानांनी डबीचं झाकण लावलं. श्रेया त्यानंतर काही महिने मान खाली घालून माझ्यापुढून जायची. तेव्हा ती विचारत फिरत होती, हे मला नंतर तिच्याच बोलण्यातून कळलं. दादाला कुठे नेता आलं असतं, हा प्रश्न तिला सोडत नव्हता. कॉलेजात समुपदेशक आहेत असं कागदोपत्री होतं, पण त्यांच्या खोलीत क्रीडा विभागाच्या चटया ठेवल्या होत्या. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात मात्र मनाच्या आजारांची ओपीडी होती. सकाळी केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, डॉक्टर बघतात. चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि एक सरकारी नंबर होता, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलणारा. सगळं होतं. फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, असं ती मैत्रिणीला सांगत होती, आणि सांगताना तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग होता.

एका सकाळी तिने नानांची खडूची डबी उचलली आणि माझ्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘मनावर खूप ओझं झालंय? जगणं नको वाटतंय? १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत. नाव सांगावं लागत नाही.’

दुपारपर्यंत रघुवीर आले. ते वाईट गृहस्थ नाहीत. कुणाच्या घरी रक्त लागलं तर पहिले धावतात.

“श्रेया, बाळा, हे काय लिहिलंस?”

“नंबर आहे, काका.”

“नंबर दिसतोय गं. पण दारावरच? येणारा-जाणारा वाचतो. त्याला काय वाटेल, या चाळीतल्या पोरांची डोकी फिरलीत? उद्या कुणाच्या मुलीला बघायला माणसं आली म्हणजे?”

“काका, इथे मयताची बातमी चालते ना? तीही येणारा-जाणारा वाचतो.”

“ते वेगळं. मरण कुणाला चुकलंय? हे अभद्र आहे.”

“म्हणजे मेल्यावर लिहायचं. आधी नाही.”

नानांनी मध्येच खडू भिजवला आणि त्या नंबरभोवती शांतपणे चौकट काढली. चौकटीतला मजकूर मंडळाचा, असा आमच्याकडे संकेत आहे. मग कुणाला पुसवेना.

काही आठवडे तो नंबर माझ्या अंगावर राहिला. त्या दिवसांत मी जे बघितलं ते तुम्ही बघितलं नाहीत, कारण माझ्यासमोर मुलं एकेकटी यायची. एक मुलगी चपलेचा अंगठा नीट करायला वाकली आणि वाकल्या वाकल्या फोटो काढून गेली. एका मुलाने फोन कानाला लावून बोलल्याचं नाटक केलं आणि नंबर पाठ केला. तिसऱ्या मजल्यावरच्या नलूचा विनीतही थांबला होता. त्याने मात्र फोटो काढला नाही. नुसता बघत राहिला आणि कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला तसा निघून गेला.

मग बारावीचा निकाल लागला.

आमच्याकडे निकाल घरात सांगत नाहीत, गॅलरीत सांगतात. विनीत दारात फोन घेऊन उभा होता, आणि साऱ्या मजल्यासमोर नलूने विचारलं, “किती रे?” शेजारणी हातातलं काम टाकून बघत होत्या. विनीत म्हणाला, “अडुसष्ट टक्के.” तो पुढे काही बोलायच्या आत नलू पेढे आणायला जिना उतरली होती.

संध्याकाळी गुणवंतांची यादी आली. जागा पुरेना, म्हणून ओलं फडकं आलं. चौकटीसकट नंबर गेला. त्याच ओल्या जागेवर विनीतचं नाव लिहिलं गेलं, पुढे टक्के, आणि खाली, ‘सत्कार समारंभ रविवारी’.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात कुणी नसताना विनीत आला. त्याने फोनवर निकाल उघडला आणि माझ्यावरच्या नावाशेजारी धरला. दोन विषयांत नापास. मग त्याने तळहाताने आपलं नाव घासायला सुरुवात केली. नानांचं भिजवलेलं अक्षर, ते कसलं जातंय! नुसतं फरकटलं. तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली, “काय रे ए, स्वतःचंच नाव पुसतोस? पार्टी द्यायला नको म्हणून काय?”

विनीत हसला. ते हसणं मी आधी स्वप्नीलच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

संध्याकाळी नानांनी फरकटलेलं नाव बघितलं, पोरांच्या नावाने बडबडले, आणि पहिल्यापेक्षा जाड अक्षरात ते पुन्हा काढलं. शेजारी एक फूलही काढलं.

रघुवीर भेटतील तिथे विनीतला सत्कारासाठी गुणपत्रिकेची झेरॉक्स मागत होते. तो म्हणायचा, “उद्या देतो, काका.” दोन दिवस तसंच चाललं. मग अचानक तो शांत झाला. केस कापून आला. सगळ्यांशी गोड बोलू लागला. आणि काल त्याने आपली सायकल शेजारच्या नीलला देऊन टाकली. किती जणांनी कौतुक केलं माझ्यासमोर! अडुसष्ट टक्के पडले आणि पोरगा एकदम मोठा झाला म्हणे.

मला तोंड असतं तर मी काल ओरडलो असतो. फळ्याला तोंड नसतं. जे लिहाल तेवढंच तो बोलतो.

आज रविवार. उन्हं उतरली आहेत. अंगणात लाल खुर्च्या लागल्यात, टेबलावर शाली आणि नारळ मांडलेत, गणपत माइकवाला वायर जोडून फुंकर मारून बघतोय. नलू नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली आहे. विनीत खुर्च्यांकडे पाठ करून माझ्याशेजारी उभा आहे. अंगावर नवा शर्ट, पाकिटातल्या घड्या तशाच. हात त्याने काखेत दाबून धरलेत.

श्रेया भराभर आली आणि त्याच्यासमोर थांबली.

“नीलला सायकल दिलीस म्हणे.”

“हां. मला काय करायचीय आता?”

“कुणाला हात लावू द्यायचा नाहीस तिला.”

“ताई, आज नको ना. आज माझा सत्कार आहे.” पुन्हा तेच हसणं.

“स्वप्नीलदादाने बूट दिले होते. नवेकोरे. आम्ही सगळ्यांना सांगत फिरलो, किती मोठ्या मनाचा आहे.” ती थोडी जवळ सरकली. “विनीत, जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?”

इतकी वर्षं मी या जिन्याशी आहे. हा प्रश्न इथे कुणी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता तो चिडेल, निघून जाईल.

तो माझ्याकडे बघत राहिला. “ते खोटं आहे, ताई. मी नापास झालोय. आईने पेढे वाटले गं सगळीकडे.”

“बरं. नापास झालायस. त्याचं आपण बघू, मी सांगेन मावशीला तुझ्यासोबत. मी विचारलं त्याचं सांग.”

त्याने काखेतले हात सोडले. मग तो म्हणाला, “रोज येतो. आज जास्त.”

ती त्याला ओरडली नाही, तिने शपथ घातली नाही, आईचा विचार कर म्हणाली नाही. तिने फोन काढला, तो नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. “बोल. खरं तेच सांग. मी इथून हलत नाही. उद्या सकाळी आपण दोघं परळला जाऊ, केसपेपर मी काढते.”

आता तो जिन्याखालच्या नळापाशी पाठ करून उभा आहे. फोन कानाला आहे. सुरुवातीला त्याच्याकडून काहीच आवाज येत नव्हता. आता तुटक तुटक येतोय. काय बोलतोय ते मला ऐकू येत नाही आणि ते माझ्यावर लिहिण्यासाठी नाहीच.

माझं वय झालंय. प्लायवूडचे पापुद्रे सुटलेत, माझ्या जागी बटणावर चालणारी चमकती पाटी लावायची चर्चा आहे. लावा. पण तिच्यावरही कोपरा असेल. तो कोपरा वाढदिवसांना देऊ नका. ज्यांची नावं माझ्यावर अजून लिहिली गेलेली नाहीत, त्यांच्यासाठी तेवढी जागा सोडा. आणि पुसायला फडकं उचललंच, तर समोर उभ्या असलेल्या पोराच्या चेहऱ्याकडे आधी बघा. या रविवारी श्रेयाने बघितलं. पुढच्या रविवारी कोण बघेल, मला माहीत नाही. नळाजवळचा हा मुलगाही अजून परत आलेला नाही.

रघुवीरांनी माइकवर विनीतचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. पुन्हा पुकारलं. नलू मागे वळून वळून बघू लागली. मग रघुवीर माइक हातात तसाच धरून जिन्यापर्यंत आले.

“श्रेया, अगं कुठाय तो? सगळे थांबलेत.”

“फोनवर आहे, काका.”

“आत्ता? कुणाचा एवढा फोन? सांग त्याला, नंतर बोल म्हणावं.”

“नंतर नाही, काका.”

रघुवीरांनी नळाकडे बघितलं. विनीतचे खांदे हलत होते. मग त्यांची नजर माझ्यावरच्या जाड अक्षरांतल्या नावावर आली आणि तिथेच अडकली. वायर गुंडाळत मागून आलेल्या गणपतने त्यांच्या हातातला माइक अलगद काढून घेतला आणि बंद केला.

“पुढचं नाव घ्या, भाऊ,” तो म्हणाला. “पोरगा बोलतोय तोवर बरं आहे.”