कडी काढलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की दरवाजाने गोड बोलून आत घेतले आणि मग तोंड वाजवले.

तुम्हाला वाटेल, दरवाजाला कसला आलाय राग? उघडायचे, लावायचे, संपले. पण जरा विचार करा. माणसे एकमेकांवर चिडतात आणि आपटतात मला. भांडण त्यांचे, दणका मला. इतकी वर्षे मी मूग गिळून उभा आहे. आज बोलतो.

एका सुताराच्या कारखान्यात माझा जन्म झाला. रंधा फिरून फिरून माझे अंग गुळगुळीत झाले, बिजागऱ्या बसल्या, मूठ बसली आणि आतल्या बाजूला एक छोटी पितळी कडी बसली. त्या कडीचा मला फार अभिमान होता. बाहेरून उघडतात ते सगळेच दरवाजे. आतून लावता येतो तो खोलीचा दरवाजा. मला या घरी आणून बसवल्यावर सुताराने माझ्यावरून हात फिरवला आणि घरातल्या बाबांना म्हणाला, "दमट हवेत जरा फुगेल. मनावर घेऊ नका, स्वभाव आहे त्याचा."

माझी खोली बोळाच्या टोकाला होती आणि ती घरातल्या एकुलत्या एक मुलीची होती. तिला सगळे खुडबुडी म्हणत, कारण हाताला लागेल ती वस्तू उघडून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दर वाढदिवसाला ती माझ्या चौकटीला पाठ लावून उभी राही. आई तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि बाबा पेन्सिलीने रेघ ओढायचे.

"टाचा खाली!" बाबा म्हणायचे.

"खालीच आहेत!" ती म्हणायची. कधीच नसायच्या.

ते दिवस चांगले होते. मला कोणी विचारले तर मी तिथेच थांबलो असतो, पण दरवाजाला कोण विचारतो?

मग एका वर्षी मी कलंडलो. वरची बिजागरी सैल झाली आणि मी जमिनीला घासायला लागलो. बाबा म्हणाले, जुना झाला, नवा बसवू. माझ्या तोंडचे पाणी पळाले. पण खुडबुडी शाळेतून आली, दप्तर टाकले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. मला उघडून पाहिले, लावून पाहिले, स्टूल घेऊन वर चढली. स्क्रू ठीक होते, त्यांची भोकेच मोठी झाली होती. तिने त्या भोकांत गोंद लावून काड्यापेटीतल्या काड्या ठोकल्या, गोंद वाळू दिला आणि स्क्रू पुन्हा पिळले. मी सरळ झालो. कोणी तिला शिकवले नव्हते आणि कोणी मदतही केली नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की मी फक्त या घरातला दरवाजा नाही, मी तिचा दरवाजा आहे.

आता रागाकडे येतो.

तिच्या शाळेचे शेवटचे वर्ष आले आणि घरात कॉलेजचे अर्ज शिरले. अर्ज शिरले ते शिरले, सोबत एक शब्द घेऊन आले. आपण.

मित्रांनो, आपल्या भाषेने किती विचार करून दोन शब्द दिलेत. समोरच्याला धरून बोलायचे असेल तर 'आपण', वगळून बोलायचे असेल तर 'आम्ही'. पण या दोघांच्या आधीचा जो साधा शब्द आहे, एका माणसाचा, तो या घरातून नाहीसाच झाला. बाबा फोनवर सांगत, "आपला गणिताचा पेपर चांगला गेला." पेपरला हे गेले होते का? आई शेजारणीला सांगे, "आपल्याला जरा सर्दी झालीय." नाक एकट्या खुडबुडीचे गळत होते! आपण कुठे अर्ज करायचा, आपल्याला कोणता विषय झेपेल, आपण मुलाखतीत काय बोलायचे. खुडबुडी जेवताना मान खाली घालून ऐकायची. तिला यंत्रे बनवायला शिकायचे होते आणि आईबाबांची त्याला अजिबात ना नव्हती. हेच तर माझे दुखणे आहे. ते तिच्या विरुद्ध असते तर तिला भांडता तरी आले असते. ते पूर्णपणे तिच्या बाजूने होते, इतके की तिला तिच्या बाजूला उभे राहायला जागाच उरली नव्हती.

बाबा टकटक करत, नाही असे नाही. पण टक म्हणेपर्यंत आत. तिला 'या' म्हणायला तोंड उघडायचीही सवड नाही. एकदा नवीन कॉलेजची माहिती, एकदा कोणाच्या तरी मुलीने काय केले त्याची बातमी, एकदा नुसतेच "काय चाललंय?". त्यांच्या मागोमाग आई चिरलेल्या फळांची बशी घेऊन. आधीची बशी तशीच पडलेली असायची.

मग एके दुपारी खुडबुडीने आतून कडी लावली आणि कानात गाणी लावून बसली. बाबांनी टकटक केली. उत्तर नाही. हाका मारल्या, थापा मारल्या, आईला बोलावले. शेवटी तिने कडी काढली, तेव्हा बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि माझी कडी काढली.

"प्रवेश होईपर्यंतच," ते म्हणाले. "मग आपण परत लावू."

तिथे चार भोके राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दरवाजाला तळपाय नसतो हे मला माहीत आहे, तुम्ही मध्ये बोलू नका.

खरे सांगायचे तर मला बाहेरची बाजूही आहे आणि तिथलेही सगळे मला ऐकू येते. बोळात उभे राहून बाबा आईला म्हणत होते, "माझ्या वेळी एकानेही विचारलं नव्हतं गं, तुला काय करायचंय म्हणून. काकांनी परस्पर अर्ज भरला आणि मी गेलो. हिच्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही." आणि आई माझ्यावर तळवा टेकवून नुसती उभी राहायची. रोज तिथेच टेकवून टेकवून माझ्यावर एक फिकट डाग पडला होता. मला त्यांची कीव येई. पण कीव आली म्हणून राग जातो असे थोडेच आहे?

ज्या कॉलेजवर तिचा आणि तिच्याहूनही जास्त बाबांचा जीव होता, त्यांनी निबंध मागितला. 'तुम्ही स्वतः सोडवलेली एक अडचण.' खुडबुडीने माझ्यावर लिहिले! माझ्या बिजागरीवर, काड्यांवर, गोंदावर. खुर्चीत पाय वर घेऊन ती मोठ्याने वाचत होती आणि मी कान टवकारून ऐकत होतो. तेवढ्यात टक, आणि बाबा आत.

"बिजागरीवर निबंध?" वाचून झाल्यावर ते म्हणाले. "अगं, हजारो मुलं अर्ज करतायत. लोक हसतील आपल्याला. काहीतरी मोठं हवं. नेतृत्व दिसलं पाहिजे."

"पण बाबा, त्यांनी स्वतः सोडवलेली म्हटलंय."

"हो ना. आपण नदीकाठ साफ केला होता की नाही?"

केला होता. म्हणजे ती शाळेबरोबर एकदा गेली होती, एक पोते भरले होते आणि परत आली होती. बाबांनी त्या एका पोत्याची मोहीम केली आणि तिला मोहिमेची प्रमुख केले. आईने फळे आणली.

निबंध गेला आणि मुलाखतीचे बोलावणे आले. मुलाखत संगणकावर होती, तिच्याच खोलीतून. बाबांनी खुर्चीत बसून बघितले, तर मागे मी दिसत होतो. झाले. "मागे हा असा कळकट दिसणार? आपण रंग देऊ." आणि फिकट निळ्या तेलरंगाचा डबा आला. खरवडणे नाही, पुसणे नाही. आईच्या तळव्याच्या डागावर रंग, माझ्या कडांवर रंग, चौकटीवर रंग. पेन्सिलीच्या सगळ्या रेघांवरून ब्रश सरसर फिरला आणि बाबांच्या ते लक्षातही आले नाही.

"बाबा, कडांना नका लावू," खुडबुडी म्हणाली. "अडकेल तो."

"बघू आपण," बाबा म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी तिने मला घट्ट लावून घेतले. आत ती, बाहेर माझ्यावर कान लावून बाबा, आणि त्यांची बाही ओढत आई. सुरुवात बरी झाली. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारले, "तू नदीकाठ साफ करायची मोहीम काढलीस असं लिहिलंयस. त्याबद्दल सांग."

"हो," खुडबुडी म्हणाली. "आपण असं ठरवलं की..."

"आपण?" बाई हसल्या. "मी तर नव्हते तिथे."

"म्हणजे... आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण कोण? आणि त्यात तू काय केलंस?"

वर्षभर ज्या घरात 'मी' म्हणायची सवयच ठेवली नाही, तिथल्या मुलीला तो शब्द ऐन वेळी कुठून सुचणार? बाहेर बाबांना घाम फुटला. "पाणी देऊन येतो," ते आईला कुजबुजले आणि पेला घेऊन त्यांनी मला ढकलले.

मी हललो नाही.

मित्रांनो, मी काही पराक्रम केला असे सांगणार नाही. कडेचा रंग चौकटीच्या रंगाला चिकटला होता आणि हवा दमट होती. पण मी फुगलो होतो, दोन्ही अर्थांनी फुगलो होतो. बाबांनी खांदा लावला. दण! पुन्हा, दण! पाणी त्यांच्याच शर्टावर सांडले.

"तुझ्या मागे तो दरवाजा हलतोय का?" बाईंनी विचारले.

खुडबुडीने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि तिला हसू फुटले. "हो. बाबा आहेत. त्यांनी कडांना रंग लावला, म्हणून तो अडकलाय." मग ती थांबली आणि नीट बसली. "मॅडम, ती मोहीम माझी नव्हती. मी एकदाच गेले होते. मी सोडवलेली अडचण हा दरवाजा आहे."

"मग निबंधात हे का नाही?"

"तो निबंध घरात लिहिला गेला," ती म्हणाली. "मी नाही लिहिला."

आणि मग तिने माझी गोष्ट सांगितली. मी बघितलं, मी स्टूल घेतलं, मी काड्या ठोकल्या. ढकलणे थांबले होते. बाबांचा कान माझ्यावर होता आणि प्रत्येक 'मी' माझ्यातून आरपार जाऊन त्यांच्या कानात पडत होता.

त्या कॉलेजने नाही म्हटले. अगदी सभ्य भाषेत म्हटले. अर्जातले लेखन अर्जदाराचे नसेल तर आम्हाला विचार करता येत नाही, एवढेच.

बाबा खोलीत पलंगाच्या कडेवर बसले. "आपल्याला नाकारलं," ते म्हणाले.

"नाही बाबा," खुडबुडी म्हणाली. "तुम्हाला नाकारलं. त्यांनी तुमचा निबंध वाचला. माझा कोणी वाचलाच नाही अजून. मला जिथे जायचं होतं ना, तिथे आता कधीच जाता येणार नाही मला, आणि ते मी काही केलं म्हणून नाही!"

कोणी असे बोलायला हवे होते, आणि ती बोलली. मी त्या क्षणी आपटला जायला आनंदाने तयार होतो, पण तिने मला आपटले नाही. तिने हात पुढे केला.

"माझी कडी द्या."

बाबा उठले आणि त्यांनी आपल्या कपाटातून कडी आणून दिली. तिने जुन्या भोकांत काड्या ठोकल्या, स्क्रू पिळले, आईला आणि बाबांना बाहेर जायला सांगितले आणि कडी लावली. खट्. तो आवाज ऐकायला मी किती आसुसलो होतो! मग ती दुसऱ्या कॉलेजचा अर्ज काढून बसली.

बऱ्याच वेळाने बाहेर पावले वाजली. टकटक झाली. मी सवयीने अंग आखडून घेतले, पण कोणी ढकलले नाही.

"कोण?" तिने विचारले.

बाहेर पावले जरा मागे सरकली.

"मी," बाबा म्हणाले.

"थांबा जरा. माझं लिहून होऊ दे."

ते थांबले. माझ्या पायाशी, मला पाठ टेकून जमिनीवर बसले आणि ती उघडेपर्यंत बसून राहिले.

तिला त्या दुसऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ती गेली. मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाच्या तरी खोलीला माझ्यासारखा एखादा दरवाजा असेल. त्याच्यावर टकटक करा आणि आतून आवाज येईपर्यंत हात मागे ठेवा. मदत करायची असेल तर बाहेर उभे राहूनही करता येते. मायेने ढकलले तरी दरवाजाला लागतेच.

माझा राग गेला का? नाही. परवा बाबा पातळ पाते घेऊन चौकटीशी बसले आणि निळा रंग हळूहळू खरवडू लागले. खालच्या रेघा सापडल्या, टाचा उचललेल्या वर्षांच्या. एकेक रेघ दिसली की ते आईला हाक मारत. सगळ्यात वरची, ती घरात होती त्या शेवटच्या वर्षाची रेघ मात्र रंगाबरोबरच निघून आली.