गव्हावरची पावलं

"वहिनी, थांबा! काय करताय हे?" बांधावरून शेजारचा मोरोझुमी ओरडला.

किनुए तिसरी ओळ संपवत होती. हात पाठीमागे धरून, आडवी पावलं टाकत, ती गव्हाची कोवळी रोपं तुडवत होती. जपानातल्या गुन्मात हिवाळ्यात गहू तुडवतातच.

"यंदा थंडी कुठं पडलीय? माझ्या गव्हात बुंध्यातली ओंबी मातीच्या वर सरकलीसुद्धा. आता पाय दिलात तर तीच चिरडेल. तोकुजीदादांना विचारलंत का?"

तोकुजीला काय विचारणार? नोव्हेंबरात झटका आला, नवऱ्याचं उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली. पंचेचाळीस वर्षं शेवटची तुडवणी कधी, ते त्यानंच ठरवलं. 'डोकं माझं, पाय तुझे,' म्हणायचा. आज पहिल्यांदा तिनं डोकंही आपलंच चालवलं होतं.

शेतकी केंद्रातल्या मुलीनं मागं सांगितलं होतं, "आजी, तुडवलं ना, की रोप आतल्या आत एक वायू सोडतं. केळी पिकवतो तोच. मग ते उंच जायचं थांबतं, बुंध्यात जाड होतं, मुळं घट्ट धरतं."

"बायकांना हे वायूवाचून जमतं," किनुए तेव्हा म्हणाली होती.

आता थट्टा कुठली सुचायला! तुडवणी सोडावी, तर हा उबेनं माजलेला गहू वाऱ्यात आडवा होणार. करावी, तर वर्षाचं पीक आपल्याच पायाखाली जाणार. तिनं एक रोप उपटलं, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसणार? ती तशीच ओसरीकडे धावली.

तोकुजी उन्हात खुर्चीवर बसला होता.

"अहो, तुम्हाला न विचारता पाय घातला मी. बघा ना, चुकलं का माझं?"

त्यानं मांडीवर रोप धरून डाव्या अंगठ्याच्या नखानं बुंधा चिरला. बघत राहिला. किती वेळ! शेवटी त्यानं नख टेकवून दाखवलं. ओंबीचं टोक अजून बुंध्यावरच्या मातीच्या रेघेखालीच होतं, तांदळाच्या दाण्याएवढं खाली.

"म्हणजे जाऊ?"

त्याची मान हलली.

ती चौथ्या ओळीला लागली. ओळ संपल्यावर तिनं वर पाहिलं. ओसरीवर तोकुजीचा डावा पाय तिच्याच ठेक्यात वर-खाली होत होता. शेजारी उजवा पाय, सकाळी तिनं चढवलेल्या मोज्यात, निमूट पडून होता.